आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी पाणी-संशोधन इंटर्नशिप: जावं का, आणि कोणत्या अटींवर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातला माडिया विद्यार्थी आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. एका संशोधन संस्थेनं आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये त्याची निवड झाली आहे. मे-जूनमधले आठ आठवडे, विषय गोड्या पाण्यातलं जीवन, मानधन आहे, राहायची सोय आहे. अडचणी तीन. तेंदूचा हंगाम नेमका तेव्हाच येतो. इंग्रजी कच्चं आहे. आणि निवडपत्राच्या शेवटी एक ओळ आहे: येताना गावातले मासे, मासेमारीच्या पारंपरिक पद्धती आणि मासे मारायला वापरल्या जाणाऱ्या वनस्पती यांची माहिती गोळा करून आणावी. ती ओळ ऐकून काका म्हणाले, "पैसे देऊन बोलावतात ते हेच काढून घ्यायला." तर जाऊ की नको?

मी पूर्व विदर्भातल्या नद्या-तलावांवर बरीच वर्षं काम करते आहे. उन्हाळ्यात माझ्याकडे विद्यार्थी येतात, त्यांत गोंड, माडिया, कोलाम, हलबा घरांतली मुलंमुली असतात. त्या अनुभवावरून माझं उत्तर आहे: जा. पण काकांचं म्हणणं बाजूला सारून जाऊ नका. तेंदू आणि इंग्रजी या अडचणींना वाट निघते. काकांनी ज्यावर बोट ठेवलं आहे तो मुख्य प्रश्न आहे: तिथे तुम्ही कोण म्हणून जाणार? पाण्याविषयी स्वतःचा प्रश्न घेऊन आलेला संशोधक म्हणून, की गावाची माहिती आणून देणारा माणूस म्हणून? हे रुजू होण्याआधी ठरतं. नंतर ठरवू म्हटलं की दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत, त्या तुम्हालाच बघाव्या लागतील. घरात पत्ता तोडायला आणखी किती हात आहेत, मार्गदर्शक कोण आहे, काम संस्थेच्या आवारातल्या प्रयोगशाळेत आहे की नदीवर, आणि तुमची ग्रामसभा नियमित भरते की कागदावरच आहे. या चार गोष्टींवर तपशील बदलतात.

आधी तेंदू. बाहेरच्या वाचकांना कल्पना नसते म्हणून सांगते. गडचिरोलीत बिडीसाठीचा तेंदूपत्ता तोडण्याचं काम एप्रिलच्या शेवटापासून मेमध्ये दोन-तीन आठवडे चालतं. उजाडायच्या आत जंगलात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. घरातलं लहानमोठं माणूस त्यात असतं, आणि वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा या दिवसांत येतो. पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्काच्या कायद्यांनंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः पत्ता विकतात, म्हणजे मजुरीच्या वर विक्रीतला वाटाही घरात येतो. तेव्हा "करिअरचा प्रश्न आहे, एक वर्ष सोड तेंदू" असं सांगणाऱ्यानं तो हिशोब कधी केलेला नसतो. तुम्ही करा. घरच्यांबरोबर बसून करा. तुमचा एक हात कमी झाला तर किती पुडे कमी पडतील आणि मानधनातून खाणं-प्रवास वजा जाता किती उरेल, दोन्ही आकडे कागदावर मांडा.

त्यानंतर संस्थेला दोन गोष्टी विचारा. पहिली, मेच्या शेवटच्या आठवड्यात रुजू झालं तर चालेल का? नमुने गोळा करायचं वेळापत्रक आधीच बांधलेलं नसेल तर बहुतेक मार्गदर्शक हो म्हणतात, मीही म्हणते. दुसरी, मानधन दर महिन्याला मिळतं की शेवटी एकरकमी? अनेक ठिकाणी ते शेवटी, कधी कधी काम संपून बरेच दिवस गेल्यावर खात्यात येतं. ज्याच्या घरातून पैसे येतात त्याला फरक पडत नाही, तुम्हाला पडतो. प्रवासखर्च आणि पहिल्या महिन्याची रक्कम आगाऊ मागायला संकोच करू नका. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम काढणाऱ्या संस्थेनं एवढं करायलाच हवं.

इंग्रजीचं म्हणाल तर तुमच्या कामात ते जितकं लागेल असं वाटतं तितकं लागत नाही. वही मराठीत लिहा, आकडे आकडेच असतात. अहवाल शेवटी इंग्रजीत करावा लागेल, त्याला शेवटचे दोन आठवडे आणि सोबतच्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याची मदत पुरते. खरी कमतरता मला दुसरीकडे दिसते, आणि ती शहरातल्या मुलांतही तितकीच असते: संगणकावर तक्ता नीट भरणं, सरासरी आणि फरक काढणं, आलेख वाचणं. जायच्या आधीचे पंधरा दिवस इंग्रजी सुधारण्याऐवजी यात घाला.

आता प्रत्यक्ष काम. हे थोडं सविस्तर सांगते, कारण जाऊन काय करायचं हे माहीत असलं की कोणत्या अटी मागायच्या तेही कळतं.

गोड्या पाण्याचं संशोधन उन्हाळ्यात ठेवण्यामागे सुट्टी हे एक कारण, पण आपल्याकडे त्याहून मोठं कारण आहे. पामुलगौतम असो, कठाणी असो की जंगलातला एखादा नाला, मे महिन्यात वाहतं पाणी तुटतं आणि डोह तेवढे उरतात. नदीतलं जवळजवळ सगळं जीवन त्या डोहांत दाटीवाटीनं येऊन बसतं. पावसाळ्यात नदी पुन्हा माशांनी भरते ती या डोहांत तगून राहिलेल्या माशांच्या जोरावर. म्हणजे वर्षातला सगळ्यात कठीण काळ आणि सगळ्यात जास्त सांगणारा काळ एकच.

त्या डोहात माशाला पहिली अडचण येते ती प्राणवायूची. पाणी जितकं तापतं तितका कमी प्राणवायू त्यात मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.६, ३५ अंशांना सुमारे ६.९. हे झालं नुसतं मावण्याचं गणित. त्यात शेवाळ असेल तर दिवसा ते ऊन घेऊन प्राणवायू सोडतं आणि रात्री सगळेच श्वास घेतात, शेवाळसुद्धा. म्हणून दुपारी तीनला मोजलं तर पाणी ठणठणीत दिसतं आणि पहाटे त्याच जागी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतात. मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात, ते तगतात. बाकीच्या बहुतेकांना ती सोय नाही. तेव्हा डोहाची खरी परीक्षा सूर्य उगवायच्या आधीच्या तासात असते, आणि त्या वेळी पाण्याजवळ जाऊन मोजणारे लोक फार थोडे असतात. संस्थांची गाडी नऊला निघते आणि नमुना अकराला घेतला जातो. अकराचा आकडा खोटा नसतो, पण त्यानं माशाच्या रात्रीविषयी काहीच कळत नाही.

मोजायची जुनी पद्धत विंकलरची, १८८८ सालची. आता प्रोब आले आहेत, पाण्यात धरलं की आकडा दिसतो. तरी मी प्रत्येकाला आधी विंकलर करायला लावते. तिनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला प्राणवायूही मोजला जाईल. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट, त्यामागून अल्कलीयुक्त आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट केली की आत तपकिरी लोळ तयार होतात आणि हळूहळू खाली बसतात. जितका गडद तपकिरी तितका प्राणवायू जास्त. लोळ पांढरे राहिले तर पाण्यात प्राणवायू नाही, हे तिथेच काठावर उभ्या उभ्या कळतं. मग जपून सल्फ्युरिक आम्ल घातलं की गाळ विरघळून पाणी सोनेरी पिवळं होतं. आता नमुना पक्का झाला, काही तासांनी सावलीत बसून टायट्रेशन केलं तरी चालतं. थायोसल्फेट थेंबाथेंबानं घालत जायचं, रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचं, पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला निळा रंग जातो तिथे ब्यूरेटवरचा आकडा वाचायचा. दोनशे मिलिलिटर नमुना आणि ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट घेतलं असेल तर जितके मिलिलिटर लागले तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर, वेगळा गुणाकार नको.

हे एवढं बारकाईनं सांगण्याचं कारण, प्रोबचा पडदा खराब झाला किंवा त्याचं प्रमाणीकरण चुकलं तरी तो आकडा दाखवतच राहतो. विंकलर हातात असलेला माणूस तो आकडा तपासू शकतो. आणि गावाच्या दृष्टीनं बघितलं तर प्रोब संस्थेबरोबर परत जातो, विंकलरची रसायनं मात्र जवळच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळतात.

आता तुमचा प्रश्न कसा असावा. विद्यार्थी बहुतेक वेळा "आमच्या नदीतले मासे कमी झाले आहेत, त्याचा अभ्यास करतो" असं घेऊन येतात. विषय खरा आहे, पण आठ आठवड्यांत त्याचं उत्तर मिळत नाही, कारण आधी किती होते याची मोजलेली नोंद नाही. प्रश्न इतका लहान करा की उन्हाळा संपताना हो किंवा नाही म्हणता येईल. उदाहरणार्थ: काठावर कहू-जांभळाची दाट सावली असलेल्या डोहात आणि उघड्या डोहात पहाटेच्या प्राणवायूत फरक पडतो का? त्यासाठी साधारण सारख्या खोलीचे काही सावलीचे आणि काही उघडे डोह घ्यायचे, प्रत्येकाचं तापमान आणि प्राणवायू पहाटे आणि दुपारी मोजायचा, दर आठवड्याला. कोणते डोह घ्यायचे हे नकाशावर दिसत नाही. कोणता जूनपर्यंत टिकतो, कोणता मेच्या मध्यालाच आटतो, कशात खाली झरा आहे, हे नदीकाठच्या माणसाला विचारावं लागतं. तिथे तुमच्या पाठीशी असलेलं ज्ञान संशोधनाला धार देतं. आणि तेही तपासूनच घ्यायचं. आजोबांनी या डोहाला झरा आहे म्हटलं तर तळाचं आणि वरचं तापमान मोजा. बहुतेक वेळा आजोबा बरोबर निघतात, आणि मग ते बरोबर आहेत हे तुम्ही कोणालाही दाखवू शकता. काम तुमच्या नदीवर नसून संस्थेजवळच्या एखाद्या मालगुजारी तलावावर, म्हणजे जुन्या गावतलावावर, असेल तरी हाच प्रश्न थोडा बदलून तिथे बसतो.

एकच गोष्ट वेगळी ठेवून बाकी सगळं सारखं ठेवायचं, यात किती ताकद आहे याचं माझं आवडतं उदाहरण कॅनडातलं आहे. ओंटारियो प्रांताच्या वायव्येला एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया नावाचा प्रदेश आहे, १९६८ पासून तिथली ५८ तळी संशोधनासाठी राखून ठेवली आहेत. १९७३ मध्ये तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस एकीकडेच घातला. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी झाली नाही. तळ्यांत शेवाळ माजण्याला फॉस्फरस कारण आहे की नाही हा त्या काळचा मोठा वाद होता, आणि त्याचं उत्तर आकाशातून काढलेल्या एका छायाचित्रात दिसलं.

त्याच देशातली दुसरी गोष्ट तुमच्या काकांच्या शंकेशी जोडलेली आहे. ही तळी आहेत तो भाग अनिशिनाबे या मूळ रहिवाशांचा, सरकारशी झालेल्या १८७३ च्या तिसऱ्या कराराखालचा प्रदेश. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे तिथल्या मूळ समाजांनी, १९९८ च्या सुमारास आपल्याविषयीच्या माहितीसाठी चार तत्त्वं मांडली: माहितीची मालकी समाजाची, तिच्यावर नियंत्रण समाजाचं, समाजाला ती केव्हाही बघता यावी, आणि तिचा प्रत्यक्ष ताबा समाजाकडे असावा. पिढ्यान् पिढ्या बाहेरचे लोक येऊन रक्ताचे नमुने, गोष्टी, औषधं, आकडे घेऊन गेले आणि परत काही आलं नाही, या अनुभवातून ती तत्त्वं आली.

आपल्याकडे अशी चार तत्त्वं एकत्र लिहून कोणी लावलेली नाहीत, पण कायद्याचा आधार आहे, आणि तो भक्कम आहे. वनहक्क कायदा, २००६. त्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादनं यांवरचा सामूहिक हक्क आहे. त्याच उपकलमात पुढे जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समाजाचा हक्क मान्य केला आहे. कलम ५ नं पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. भामरागड अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे १९९६ चा पेसा कायदाही लागू आहे. शिवाय जैवविविधता कायदा, २००२, त्याखाली गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. म्हणजे मासे मारायला कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, किती आणि कधी वापरतात, ही माहिती देऊन टाकायला ती एकट्या तुमची नाही. तुमची इच्छा असली तरी नाही. काकांचं बरोबर आहे, आणि त्यांच्या बाजूनं कायदाही आहे.

माहिती दिल्यानं नुकसान होतं म्हणजे काय होतं, हे मी जवळून बघितलं आहे. एका नदीवरच्या एका डोहात गावानं मासेमारी बंद ठेवली होती. त्यामुळे तिथे मोठे मासे टिकले होते. बाहेरून आलेल्या एका अभ्यासगटानं चांगल्या हेतूनं त्या डोहाचं अचूक ठिकाण, अक्षांश-रेखांशासह, अहवालात छापलं. पुढच्या उन्हाळ्यात रात्री अनोळखी लोक आले आणि स्फोटकं टाकून डोह रिकामा करून गेले. अहवालाचा आणि त्या रात्रीचा संबंध सिद्ध करता येत नाही, पण गावानं त्यानंतर कोणत्याही संशोधकाला पाण्याजवळ येऊ दिलं नाही, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. म्हणून माझ्याकडच्या कामात राखलेल्या डोहांचं ठिकाण छापलं जात नाही. तालुका लिहितो, तिथे थांबतो. विषारी वनस्पतींची नावं मी या उत्तरातही मुद्दाम दिलेली नाहीत.

याचा अर्थ पारंपरिक ज्ञानावर अभ्यासच नको असा होत नाही. अभ्यास कोणी मागितला आणि कोणासाठी केला, यावर सगळं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. तिथल्या लोकांनी गावातच अभ्यासगट चालवले, बाहेरच्या जाणकारांना त्यात बसवून घेतलं, नदीत विष घालून मासे मारण्याचे परिणाम आपसांत चर्चेला घेतले आणि ते थांबवायचा निर्णय स्वतः घेतला. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. तिथे माहिती गावात तयार झाली, गावात वापरली गेली आणि बाहेर गेली ती गावाच्या संमतीनं. तुमच्या गावालाही असा अभ्यास हवासा वाटू शकतो. तो ग्रामसभेत ठरू द्या, निवडपत्राच्या शेवटच्या ओळीत नको.

तर व्यवहारात काय करायचं? मार्गदर्शकाला आधी लिहून विचारा: ही माहिती कशासाठी हवी आहे, कुठे छापणार, त्यावर नाव कोणाचं, आणि गावाला काय परत मिळणार. मला वाटतं निम्म्या ठिकाणी ती ओळ कोणीतरी सहज टाकलेली असते, विचारल्यावर काढून टाकतात. काही मार्गदर्शक खरोखर चांगलं उत्तर देतात, मग ते उत्तर ग्रामसभेपुढे वाचून दाखवा, माडियात समजावून सांगा, आणि ग्रामसभेनं हो म्हटलं तर ठराव घेऊन जा. ग्रामसभा काही भाग सांगू देईल आणि काही नाही, असंही होतं. मासे सांगा, वनस्पती नको. तेवढंच न्या. आणि "माहिती आणली नाही तर निवड रद्द" असं उत्तर आलं, तर त्यांना संशोधक नको होता हे स्वच्छ झालं. मग तेंदू तोडा. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींचा दोन महिन्यांचा उन्हाळी फेलोशिप कार्यक्रम आहे, त्याची जाहिरात साधारण हिवाळ्याच्या तोंडाशी येते, तिकडे पुढच्या वर्षासाठी अर्ज करा. पुण्याचं आघारकर संशोधन संस्थान, तिथलंच प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, अशा ठिकाणी आपल्या प्राध्यापकांच्या पत्रासह थेट विचारणाही करता येते.

कार्यक्रम खरा आहे की फोटो आणि प्रमाणपत्रापुरता, हे ओळखायची माझी एक खूण आहे. विचारा, "माझी प्रयोगवही मला घरी नेता येईल का, आणि मी मोजलेल्या आकड्यांची प्रत मिळेल का?" खरं काम करून घेणारा माणूस लगेच हो म्हणतो. ज्याच्याकडे तुमच्यासाठी कामच ठरलेलं नाही, तो या प्रश्नावर गडबडतो. आकड्यांतून पुढे शोधनिबंध छापला गेला तर लेखकांत नाव येण्यासाठी काय करावं लागेल हेही सुरुवातीलाच विचारावं. उद्धटपणा वाटेल अशी भीती वाटते, पण चांगल्या प्रयोगशाळांत हा नेहमीचा प्रश्न आहे.

परत आल्यावर ग्रामसभेत बसून आकडे सांगा. आलेख दाखवायची गरज नाही. कोणत्या डोहात पहाटे श्वास घ्यायला काय उरतं आणि सावली तोडली तर काय होईल, एवढं पुरतं. उन्हाळ्यात कोणते डोह राखायचे हा निर्णय गाव घेतंच असतं, आता त्यात एक मोजलेली गोष्ट जास्त असेल. पुढे एम.एस्सी. करून पीएच.डी.चा विचार असेल तर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे, दरवर्षी ७५० जणांना मिळते, आणि उन्हाळ्यात स्वतः मोजलेल्या आकड्यांची वही पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

दोन किरकोळ पण जिवाच्या गोष्टी. पोहता येत असलं तरी डोहात एकट्यानं नमुना घ्यायला उतरू नका, पहाटे तर नाहीच, काठावर दुसरा माणूस हवा. आणि आम्ल घालताना चष्मा आणि हातमोजे घाला, घाम आला तरी काढू नका.

पत्र कसं लिहायचं हे बहुतेकांना अडतं, म्हणून मसुदा देते. इंग्रजीत करायची गरज नाही, महाराष्ट्रातली संस्था असेल तर मराठीतच पाठवा:

"निवडीबद्दल आभार. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपत्ता संकलन असते, ते संपल्यावर मेच्या शेवटच्या आठवड्यात रुजू होण्याची परवानगी मिळावी. प्रवासखर्च व पहिल्या महिन्याचे मानधन आगाऊ मिळू शकेल का, तेही कळवावे. पत्रात मागितलेली मासेमारी व वनस्पतींची माहिती आमच्या ग्रामसभेच्या अखत्यारीतील आहे. ती कशासाठी व कुठे वापरली जाईल आणि तिची प्रत ग्रामसभेला कशी मिळेल, हे लेखी कळवल्यास मी ते ग्रामसभेपुढे ठेवीन व तिचा निर्णय आपल्याला कळवीन. दरम्यान, सावलीच्या व उघड्या डोहांमधील पहाटेच्या प्राणवायूतील फरक या प्रश्नावर काम करण्याची माझी इच्छा आहे. त्यासाठी सकाळी पाचच्या सुमारास नमुने घेण्याची सोय होईल का?"

पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवा, आणि त्यांनी काही बदल सुचवला तर तोही त्यात घाला.